भय्यासाहेबांचं कॉपी केलेलं निधन

१

भय्यासाहेब सुभेदार वारले ही बातमी त्या दिवशी जबलपुरात भय्यासाहेब सोडून सगळ्यांना कळली होती.

नुकतं उजाडलं होतं. आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज भय्यासाहेबांचा सुविचार येतो. त्या दिवशी सुविचाराच्या जागी, त्यांच्याच नावाने, त्यांच्याच निधनाची वार्ता आली. लोकांनी दात घासता घासता वाचली आणि निघाले. आमच्या इथल्या मराठी माणसाला लग्नाचं आमंत्रण दोनदा द्यावं लागतं, मरणाचं एकदाच पुरतं. बडा फुहारा चौकातल्या फुलवाल्याकडचे हार बघता बघता संपले. शेवटच्या हारासाठी दोन वकिलांची झटापट झाली आणि त्या गडबडीत तो मी उचलला. खोटं वाटत असेल तर वकिलांना विचारा.

सुभेदारांच्या घरासमोर पाऊणशे माणूस जमलं. पांढरे कपडे, पाडलेले चेहरे. मंडळाचे सचिव बाबाराव बांबू आणि मडकं आणायला माणूस पाठवून मोकळे झाले होते. बेल वाजवावी की नाही यावर खल चालला होता, कारण मयताच्या घरची बेल कोणी वाजवत नाही. तेवढ्यात दार आतून उघडलं. अंगात बंडी, खांद्यावर पंचा, तोंडात कडुनिंबाची काडी. साक्षात भय्यासाहेब.

"काय हो," त्यांनी गर्दीला विचारलं, "कोण गेलं?"

शेवटी बाबारावांनी मोबाईल पुढे केला. भय्यासाहेबांनी चष्मा मागवला, वार्ता वाचली आणि काडी थुंकून म्हणाले, "कोणी केला हा चावटपणा?"

हार घेऊन परत जाणं मला बरं दिसेना, म्हणून तो मी त्यांच्याच गळ्यात घातला. आडव्या माणसाला घातला तर अंत्यदर्शन, उभ्याला घातला तर सत्कार, एवढाच काय तो फरक. मग ते ओट्यावर खुर्ची टाकून बसले ते दुपारपर्यंत. लोक येत होते, पाया पडत होते, हसत होते. भय्यासाहेबांची नजर मात्र फाटकावर. फाटक वाजलं की मान वर, माणूस ओळखला की मान खाली.

चहाची दुसरी किटली संपायच्या आत लोकांनी गुन्हेगार ठरवून टाकला. आणि त्या वेळी ती गुन्हेगार मागच्या दारी त्याच चहाचे कप विसळत होती.

२

मोनाली समोरच्याच गल्लीत राहते. तिचा बाप पुंडलिक कुंडमकडे जंगलात चौकीदार होता. आता अर्धं अंग गेलेलं, खाटेवर असतो. पोरगी रोज सकाळी भय्यासाहेबांकडे कॉम्प्युटरवर टाइप करायला जायची. मंडळात कोणी गेलं की निधनवार्ता लिहायचा मान वर्षानुवर्षं भय्यासाहेबांचा. पूर्वी फळ्यावर खडूने लिहीत, आता ते सांगतात आणि मोनाली टाइप करते.

याच मोनालीला मंडळाच्या शाळेत कारकून म्हणून घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. रविवारच्या सभेत फक्त हात वर व्हायचे बाकी होते.

"जी पोरगी जिवंत माणसाला मारते," बाबाराव ओट्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तिच्या हाती आपण पोरांचे दाखले द्यायचे?"

झालं. मंडळात नोकरी एकदा हुकली की माणूस गल्लीतूनही हुकतो. दुसऱ्या दिवशी ती इंदिराबाईंच्या ओसरीवर येऊन उभी राहिली. मी तिथे पेपर वाचत होतो, कारण माझ्या घरी पेपर येत नाही.

इंदिराबाई खानझोडे म्हणजे आमच्या गल्लीची सीबीआय. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण नाव झालं ते परीक्षेच्या उडनदस्त्यामुळे, म्हणजे भरारी पथकामुळे. कॉपी पकडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांची जीप तिलवाऱ्याचा पूल ओलांडायची तेव्हा पलीकडच्या सेंटरवर पोरं चिठ्ठ्या गिळायला लागत. एकाने तर अख्खं गाईड गिळलं आणि पुढे तोच पोटाचा डॉक्टर झाला.

"काकू, मी नाही केलं," मोनाली म्हणाली.

"पुरावा?"

"नाही केल्याचा काय पुरावा राहते?"

"हुशार आहेस. बस. तुझ्यावरच काहून आले सगळे?"

तिने सांगितलं. वार्ता भय्यासाहेबांच्या नावाने गेली. त्यांचा फोन रात्रभर उशाखाली होता, म्हणजे गेली ती कॉम्प्युटरवरून. तो चोवीस तास चालूच असतो, कारण भय्यासाहेबांच्या मते मशीन बंद करणं म्हणजे तिचा जीव घेणं. मागच्या दाराची कडी दूधवाल्यासाठी पहाटेच उघडतात, आणि त्या कॉम्प्युटरवर धड टाइप करणारी मोनाली एकटी. त्यात आदल्याच दिवशी कोजागिरीच्या आमंत्रणात चूक झाली म्हणून भय्यासाहेबांनी तिला भर हॉलमध्ये झापलं होतं.

"राग आला होता?"

"आला होता ना. पण रागात कोणी एवढ्या लोकांचे कप धुते का?"

इंदिराबाई हसल्या नाहीत, पण चष्मा काढून पुसला. त्यांच्याकडे ते हसण्यातच धरतात.

"काकू, त्या कॉम्प्युटरमध्ये आपण जे जे कॉपी करतो ते राहते. मीच चालू करून दिलं होतं ते. आजोबांचे सुविचार सारखे हरवायचे ना. विंडोजचं बटन आणि व्ही, दोन्ही सोबत दाबले की सगळं दिसते. मी तेच सांगून राहिली कालपासून. तर बाबाराव म्हणाले, हात लावू नको, पुरावा पुसून टाकशील."

"आणि मशीन बंद झालं तर?"

"तर गेलं सगळं." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आणि आज योगेशकाकांनी मेकॅनिकला बोलावलंय. सगळं पुसून नवीन टाकायला."

इंदिराबाईंनी चपला शोधल्या नाहीत. माझ्याच घालून निघाल्या.

३

मेकॅनिक अजून यायचा होता. दारात योगेश भेटला. हा भय्यासाहेबांचा मुलगा, बँकेत आहे, आणि बँकेतल्यासारखाच बोलतो, काचेपलीकडून.

"योगेश, मशीन पुसायची एवढी घाई काहून?"

"काकू, व्हायरस असेल. नाही तर कोणी पासवर्ड चोरला असेल. उगाच पोलीस वगैरे कशाला, मंडळाची बदनामी. चलो, खतम करा, असं म्हटलं."

"मेकॅनिकला सांग उद्या ये. आज मी आले."

इंदिराबाईंना नाही म्हणणारा माणूस अजून परीक्षेला बसायचा आहे. योगेशने फोन लावला.

स्वयंपाकघरात अमिता, त्याची बायको, पोळ्या लाटत होती. सासऱ्याचं आणि तिचं पटत नाही हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही माहीत आहे. इंदिराबाईंनी तिला आडून विचारलं नाही.

"अमिता, तू टाकलीस का गं ती वार्ता?"

"मी?" लाटणं हवेत थांबलं. "काकू, मी काहून टाकीन? एवढ्या लोकांचा चहा कोणी केला? साखर संपली, शेजारच्या भाभीजींकडून आणली. मला सूडच घ्यायचा असता तर अशी वार्ता टाकली असती, ज्यात लोक येत नाहीत!"

हे उत्तर मला इतकं पटलं की मी एक पोळी मागून घेतली.

मग बाबाराव आले. बोलावलं नव्हतं, पण त्यांना बोलवावं लागत नाही. निधनवार्ता लिहायच्या मानावर त्यांचा जुना डोळा. इंदिराबाईंनी तेही तोंडावर विचारलं.

"मी?" बाबाराव भडकले. "बाई, मी लिहिली असती तर अशी लिहिली असती? हे बघा!" त्यांनी मोबाईल उघडून वाचून दाखवलं. "'आमचे परमपूज्य वडील श्री. भय्यासाहेब सुभेदार यांचे आज पहाटे वृद्धापकाळाने निधन झाले. अंत्ययात्रा राहत्या घरून ग्वारीघाटाकडे निघेल. शोकाकुल, ज्योती, योगेश, अमिता.' बघा! लेकीचं नाव सगळ्यांच्या आधी! आणि मागे सौ. नाही, नवऱ्याचं नाव नाही, सासरचं आडनाव नाही. रीत आहे का ही? मुलगा, सून, मग लग्न झालेल्या मुली, जावयासकट. ज्याला रीत माहीत नाही त्यानेच लिहिलंय. म्हणजे त्या पोरीने!"

ज्योती हे नाव त्या घरात बाबारावांच्या तोंडून निघालं आणि स्वयंपाकघरातलं लाटणं पुन्हा थांबलं.

आता ज्योतीचं सांगायला हवं. ही भय्यासाहेबांची थोरली, फार लाडाची. तिने नागपूरच्या गौतमशी लग्न केलं. मुलगा गुणी, नोकरी पक्की, पण आडनाव सुभेदारांच्या पंगतीत बसणारं नव्हतं. भय्यासाहेब दुसऱ्याच दिवशी नर्मदेच्या ग्वारीघाटावर गेले आणि तिच्या नावाची आंघोळ करून आले. मेलेल्या माणसाची करतात तशी. त्यानंतर घरात तिचा फोटो नाही, नाव नाही.

"योगेश," इंदिराबाई वळल्या, "ज्योतीला कळवलंत का, की वडील ठीक आहेत?"

योगेशने आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग हळूच म्हणाला, "मी बोलतो ताईशी कधीकधी. बाबांना माहीत नाही. काल दुपारी फोन केला. म्हटलं, ताई, ती बातमी खोटी होती. ती 'अच्छा' म्हणाली. बस."

"बातमी तिला मिळाली होती?"

"काय माहीत. मी विचारलं नाही, ती बोलली नाही."

"ती तर मंडळाच्या ग्रुपवर नाही, तरी कोणती बातमी असं तिने विचारलं नाही," इंदिराबाई म्हणाल्या, आणि भय्यासाहेबांच्या खोलीकडे चालू लागल्या.

४

भय्यासाहेब देवपूजेत होते. घंटी वाजत होती म्हणजे अजून बराच वेळ होता. इंदिराबाईंनी अंगणात थांबलेल्या मोनालीला हाक मारली.

"हात लावू नकोस. फक्त सांग. ही ज्योती कोण?"

"कोण ज्योती?" मोनाली म्हणाली. "मला वाटलं, आजोबांची बहीण असेल."

"निधनवार्तेत मुलीचं नाव कुठे घालतात?"

"शेवटी. जावयाच्या नावासकट. मी किती तरी टाइप केल्या, काकू. अंबादासकाका गेले तेव्हा त्यांची पण मीच केली."

"एक विचारू? भय्यासाहेब स्वतः काही टाइप करतात?"

"एका बोटाने. सुविचार तेच करतात. आणि कॉपी फार करतात. आवडलं की कॉपी. पेस्ट कुठेच करत नाहीत. मी म्हटलं, आजोबा, पेस्ट नाही केलं तर त्याचा उपयोग काय? तर म्हणाले, अगं, उचलून ठेवलं की जपून राहतं."

तिला बाहेर थांबायला सांगून इंदिराबाई कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर बसल्या. मी मागे उभा राहिलो. त्यांनी दोन बटनं दाबली आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक लांबट चौकट उघडली.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाई मळ्यात वेचायला जाते तेव्हा लुगड्याचा ओचा करते ना? दिसेल ते त्यात टाकते. कॉम्प्युटरच्या पोटात तसा एक ओचा असतो, त्याला क्लिपबोर्ड म्हणतात. जे कॉपी कराल ते त्यात पडतं. नुकतं पडलेलं वर, आधीचं खाली. पेस्ट करा न करा, मशीन चालू आहे तोवर ते तिथे आहे. चोर दार पुसेल, कुलूप पुसेल, पण ओचा झटकायचं कोणाच्या लक्षात येतं?

"खालून वाचायचं," इंदिराबाई पुटपुटल्या.

तळाशी जुने सुविचार, त्यांच्या वर कोजागिरीच्या आमंत्रणातला हॉलचा पत्ता होता. मोनालीचं आदल्या दिवशीचं शेवटचं काम. त्याच्या वर अंबादासांची जुनी निधनवार्ता, अख्खी उचललेली. त्याच्या वर तीच वार्ता, पण अंबादासांच्या जागी भय्यासाहेब. त्याच्या वर पुन्हा तीच, थोडी बदललेली. आणखी एकदा, आणखी थोडी.

"एवढ्या वेळा काहून कॉपी केली?" मी विचारलं.

"शब्द बदलला की उचलून ठेवायचा. हरवू नये म्हणून." त्या पुढे वाचत होत्या. पहिल्या खेपेत 'अल्प आजाराने' होतं, नंतर ते 'वृद्धापकाळाने' झालं. ज्योतीचं नाव प्रत्येक खेपेत होतं. प्रत्येक खेपेत पहिलं.

त्यावरची नोंद त्यांनी दोनदा वाचली. वार्ता तीच, ग्रुपवर आली होती तशी. पण शेवटी एक ओळ जास्त होती, जी मंडळात कोणीच पाहिली नव्हती.

'शेवटपर्यंत ज्योतीचं नाव घेत होते.'

"ही ओळ ग्रुपसाठी नव्हती," इंदिराबाई म्हणाल्या. "ही ज्योतीला एकटीलाच पाठवली." त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप उघडून शोधलं. ज्योतीच्या नावाने काहीच नव्हतं. "संवाद पुसलाय. आणि तरीसुद्धा..."

चौकटीत सगळ्यांत वर अजून एक नोंद होती. ती निधनवार्ता नव्हती. मी वाकून वाचली आणि मागे सरकलो.

'ज्यांनी कळवलं त्यांचे आभार. बाबांच्या नावाची आंघोळ मी तेव्हाच केली होती, त्यांनी माझी केली त्याच दिवशी. पुन्हा करायची गरज नाही. मी येणार नाही.'

देवघरातली घंटी थांबली होती.

५

भय्यासाहेब दारात उभे होते. कपाळावर ताजं गंध. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग इंदिराबाईंकडे. माझ्याकडे पाहायची गरज त्यांना वाटली नाही.

"दार लावून घ्या, भय्यासाहेब."

त्यांनी दार लावलं.

"मला आधी योगेशवर शंका होती," इंदिराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज परीक्षेच्या हॉलमधला होता, न ओरडता शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "पण योगेश बहिणीला फोन करतो, त्याला वार्ता पाठवायची गरज नाही. त्याने लिहिलं असतं तर ज्योतीच्या नावामागे नवरा लागला असता. अमिताला लोक घरात नको होते. बाबाराव रीत मोडायच्या आधी हात मोडून घेतील. मोनालीला तर ज्योती कोण हेच माहीत नाही. मग असा कोण, ज्याच्या लेखी ज्योती मुलाच्याही आधी येते, पण तिचं लग्न झालंच नाही?"

भय्यासाहेब पलंगाच्या काठावर बसले.

"तरी मी थांबले असते. पण हे वरचं. तुमची फजिती करायची असती तर पाठवणाऱ्याने हे उत्तर गावभर केलं असतं. लपवायचंच असतं तर पुसून मोकळा झाला असता. इथे पुसलंय, आणि पुसायच्या आधी उचलूनही ठेवलंय. कोणालाही दिसू नये आणि आपल्यापासून जाऊही नये. असं एकाच माणसाला वाटू शकतं."

बाहेर अमिता मोलकरणीवर ओरडत होती.

"मी तिला म्हटलं होतं," भय्यासाहेब म्हणाले, "मी मेल्यावरच तोंड दाखव. म्हटलं, बघू तरी." त्यांनी पंच्याने गंध पुसलं आणि ते कपाळभर पसरलं. "सगळे आले हो, इंदिराबाई. सागरहून चुलतभाऊ आला. हा तात्या हार घेऊन आला. फाटक वाजलं की वाटायचं..."

"उत्तर कधी आलं?"

"तुम्ही सगळे जमायच्या आधीच."

"म्हणजे ती येणार नाही हे माहीत असूनसुद्धा दुपारपर्यंत ओट्यावर बसलात?"

"माणूस रागात लिहितो, गाडीत बसल्यावर विरघळतो," ते म्हणाले. "असं वाटलं."

इंदिराबाईंनी चष्मा पुसला नाही. "मोनालीचं काय?"

"रविवारी सभेत सांगतो. मीच केलं म्हणून सांगतो."

"चला, मग याचा फोटो घेऊन ठेवते." त्यांनी फोन वर केला तशी म्हाताऱ्याने झटकन उठून पंचा पडद्यावर टाकला. त्या वयाच्या माणसाला इतकं चपळ मी पाहिलेलं नाही.

"हे नको. हात जोडतो. मी बोलतो ना. सुभेदाराचा शब्द आहे. पण पोरीने काय लिहिलं ते मंडळात वाचलं जाऊ नये."

आयुष्यभर इंदिराबाईंनी हात जोडणाऱ्या पोरांच्या हातातून चिठ्ठ्या काढून घेतल्या. त्या दिवशी त्यांनी फोन पर्समध्ये ठेवला.

६

रविवारी सकाळी त्या पुन्हा सुभेदारांकडे गेल्या, मी सोबत. कॉम्प्युटरचा पडदा काळा होता. मागची वायर भिंतीतून उपटून नीट गुंडाळून ठेवलेली.

"मीच काढली," भय्यासाहेब म्हणाले. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा कोट, सभेला तयार. "शब्द दिल्यावर पुरावा कशाला?"

"आणि ते उत्तर? ते तर तुम्हाला जपून ठेवायचं होतं."

"पाठ झालं," ते म्हणाले.

इंदिराबाई अंगणात आल्या आणि योगेशकडून नंबर घेऊन ज्योतीला फोन लावला. सगळं सांगितलं, मुलीच्या नोकरीचा प्रश्न आहे, एक ओळ लिहून दे, एवढंच. पलीकडून उत्तर आलं ते मलाही ऐकू आलं. "काकू, त्या घरासाठी मी गेलेली आहे. गेलेल्या माणसाची साक्ष कशी घेता?" आणि फोन ठेवला. आवाजात राग नव्हता. राग असता तर काही आशा होती.

हॉल भरला होता. मागच्या रांगेत मोनाली इस्त्रीची साडी नेसून बसली होती. इंदिराबाईंनी तिला सांगितलं होतं, कोणी केलं ते. का केलं ते नाही. ती जरा हसली होती तेव्हा. कोजागिरी तोंडावर होती, आधी त्याचं दूध किती घ्यायचं यावर अर्धा तास गेला. मग कारकुनाचा विषय निघाला, आणि बाबाराव खाकरले तोच भय्यासाहेब उभे राहिले.

"थांबा. ती वार्ता या मुलीने टाकली नाही. मी टाकली."

बाबारावांचं खाकरणं अर्ध्यात राहिलं.

"मी स्वतः. माझ्या हाताने. हिचा काही संबंध नाही."

"अहो, पण भय्यासाहेब," बाबाराव म्हणाले, "तुम्ही काहून टाकाल?"

एवढाच प्रश्न होता. सोपा. उत्तरही एका शब्दाचं होतं, दोन अक्षरी नाव. ते नाव त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं मी पाहिलं, देवाशपथ पाहिलं. त्यांनी योगेशकडे पाहिलं, सागरच्या चुलतभावाकडे पाहिलं, मंडळाच्या संस्थापकांच्या फोटोंकडे पाहिलं, त्यात त्यांचे आजोबा होते.

"गंमत म्हणून," भय्यासाहेब म्हणाले.

कोणीतरी नाक ओढलं. बघतो तर बाबाराव! डोळ्यांना रुमाल लावून उभे.

"ऐकलंत?" ते सभेला म्हणाले. "ज्या माणसाने जन्मात थट्टा केली नाही, तो गंमत म्हणतो! ज्या पोरीने त्यांना जिवंतपणी मारलं, तिला वाचवायला स्वतःच्या माथी घेऊन राहिले! याला म्हणतात मन!"

"अहो, नाही, मी खरंच..."

"बसा, भय्यासाहेब, बसा. कळलं आम्हाला."

इंदिराबाई उठल्या. "ते खरं बोलतायत. मी कॉम्प्युटरमध्ये डोळ्यांनी पाहिलंय."

"दाखवा मग, मॅडम."

त्यांच्या हातात दाखवण्यासारखं काही नव्हतं. मग मी उठलो. "मी साक्षीदार आहे," म्हटलं. हॉलमध्ये हशा पिकला. "बैठ जाओ तात्याजी," मागून कोणीतरी ओरडलं, "गाईड गिळणाऱ्या डॉक्टरला पण बोलवा साक्षीला!" मी बसलो.

मुलीला क्षमा करण्यात यावी, पोलिसांत जाऊ नये, असा ठराव बाबारावांनीच मांडला. कारकुनाची जागा एकमताने बाबारावांच्या भाचीला, सलोनीला, गेली. मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळा हॉल उठून उभा राहिला. भय्यासाहेब दोन्ही हात हलवत "नाही, नाही" म्हणत होते. त्यांना वाटत होतं, लोक थांबतील. ते जेवढं नाही म्हणत, तेवढ्या टाळ्या वाढत होत्या.

बाहेर आलो तर मोनाली चपला शोधत होती. लोकांनी तिच्या चपला पायांनी लांब लोटल्या होत्या, की गर्दीत गेल्या होत्या, कोणाला ठाऊक. एक सापडली, दुसरी इंदिराबाईंनी वाकून पायरीखालून काढून दिली. त्यांना काहीतरी बोलायचं होतं.

"जाऊ द्या, काकू," मोनाली म्हणाली. चपलेचा पट्टा लावत होती, मान खाली. "टाळ्या मीपण वाजवल्या. काय करू? हात बांधून बसली असती तर म्हणाले असते, बघा, अजून मस्ती जिरली नाही."